समुद्र काही ठेवून घेत नाही

मे महिन्यातली दुपार आणि गुहागरचा किनारा. चपला सुरूच्या झाडाखाली काढून ठेवल्या आणि अनवाणी पाण्याकडे निघालं, की दहा पावलांतच चूक कळते. वाळू तव्यासारखी तापलेली असते. मुलं उड्या मारत, ओरडत पुढे पळतात आणि पाय पाण्यात पडला की शांत होतात. पाणी छान गार असतं. सूर्य तोच, ऊन तेच, सकाळपासून दोघांवर सारखंच पडलेलं. तरी वाळू पाय भाजते आणि पाणी निववतं, असं का?

रात्री जेवून पुन्हा किनाऱ्यावर गेलं, तर कोडं उलटं झालेलं असतं. आता वाळू गार आणि पाणी कोमट. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, ते याच उलटापालटीमुळे वाहतात. दिवसा जमीन झटकन तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती झटकन निवते, म्हणून वारा समुद्राकडे जातो.

पृथ्वी तापते आहे, हे आपण रोज ऐकतो. पण ती जास्तीची उष्णता जाते कुठे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तिच्यापैकी हवेच्या वाट्याला फार थोडी येते. नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने आपल्या पोटात घेतली आहे. वाळू आणि पाण्याचं हे साधं कोडं नीट सुटलं, की तापलेला समुद्र कसा वागतो आणि का, हेही उलगडत जातं.

किनाऱ्यावरची माणसं म्हणतात, समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही. जे टाकाल ते परत करतो. उधाणाच्या भरतीनंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचे ढीग दिसतात, तेव्हा हे शब्दशः पटतं. आपण समुद्रात टाकलेली उष्णता आणि धूर डोळ्यांना दिसत नाहीत. पण तेही तो परत करतो आहे, वेगळ्या रूपांत.

वाळू तापते, पाणी का नाही?

याची चार कारणं आहेत. ती लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या चौघांचीच आहे.

पहिलं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक किलो वाळू एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळपास पाचपट उष्णता एक किलो पाण्याला लागते. चहाचं आधण ठेवताना रिकामं पातेलं क्षणात तापतं, पाणी मात्र वाट बघायला लावतं, ते यामुळेच. विज्ञानाच्या पुस्तकात याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात.

दुसरं कारण, ऊन वाळूच्या अगदी वरच्या थरात अडतं. पाण्यात ते कित्येक मीटर खोल शिरतं. चमचाभर तूप एका पोळीला लावलं तर पोळी माखते. तेच पातेलंभर भातावर सोडलं तर कुठे गेलं ते कळतही नाही. उन्हाची उष्णता समुद्रात तशी वाटली जाते.

तिसरं, पाणी हलतं. वारा आणि लाटा वरचं तापलेलं पाणी खाली नेतात आणि खालचं गार पाणी वर आणतात. वाळूला हे जमत नाही.

चौथं कारण आपल्या माठात आहे. माठातून झिरपलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ते गार राहतं. समुद्राच्या पृष्ठभागावरून अखंड वाफ होत असते आणि तीही अशीच उष्णता घेऊन वर जाते.

या चार गुणांमुळे समुद्र म्हणजे पृथ्वीवरचा उष्णतेचा सर्वांत मोठा रांजण झाला आहे. किती मोठा? पृथ्वीभोवतीची सगळी हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढ्यात समुद्राचा फक्त वरचा तीन-साडेतीन मीटरचा थर एका अंशाने तापेल. आणि समुद्राची सरासरी खोली आहे सुमारे ३,७०० मीटर.

गोधडी जाड झाली

हवेतला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीभोवती गोधडीसारखं काम करतो. ऊन आत येतं, पण तापलेल्या जमिनीतून आणि पाण्यातून परत निघणारी उष्णता तो काही प्रमाणात अडवून धरतो. ही गोधडी नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. अडचण आहे ती गोधडी जाड होत चालल्याची. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांमागे या वायूचे सुमारे २८० कण होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर याची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा तो आकडा ३१५च्या आसपास होता. आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळण्याचा यात सर्वांत मोठा वाटा आहे.

समुद्राच्या पोटात किती उष्णता गेली, हे कळतं कसं? जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. त्यांना आर्गो म्हणतात. यंत्र साधारण एक किलोमीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी ते दोन किलोमीटर खोलीपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना वाटेतल्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतं. पृष्ठभागावर आलं की उपग्रहाकडे आकडे पाठवतं आणि पुन्हा खाली जातं. हिंदी महासागरातल्या या कामात हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, म्हणजेच ‘इन्कॉइस’, सहभागी आहे. डॉक्टरने काखेत थर्मामीटर लावावा, तसे हे हजारो थर्मामीटर समुद्राचा ताप मोजत असतात.

हा ताप सगळीकडे सारखा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९०१ ते २०१२ या काळात त्याच्या पश्चिम भागाचं पृष्ठभागावरचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं, असं त्यांना आढळलं. याचं एक कारण नकाशातच दिसतं. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर उत्तरेकडे ध्रुवाच्या दिशेने पसरलेले आहेत. हिंदी महासागराच्या डोक्यावर मात्र आशिया खंडाचं छप्पर आहे. उत्तरेकडे उष्णता निघून जायला वाटच नाही. माजघराला खिडकी नसावी, तसं हे झालं.

पाणी फुगतं, किनारा मागे सरतो

काखेतल्या थर्मामीटरमधला पारा चढतो, कारण तापल्यावर तो फुगतो आणि नळीत त्याला वर सरकण्यावाचून पर्याय नसतो. समुद्राचं पाणीही तापल्यावर फुगतं. हे फुगणं अगदी थोडं असतं, पण शेकडो मीटर खोलीचं पाणी थोडंथोडं फुगलं की पृष्ठभाग उचलला जातो. गेल्या पन्नासेक वर्षांत समुद्राची पातळी जी वाढली, तिच्यातला जवळपास अर्धा वाटा नुसत्या या फुगण्याचा आहे.

उरलेला बराचसा वाटा वितळलेल्या बर्फाचा. पण कुठल्या बर्फाचा? पेल्यातल्या सरबतात तरंगणारा बर्फ वितळला म्हणून सरबत काठावरून सांडत नाही. तसंच समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून पातळी फारशी वाढत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की. हिमनद्या, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकावरचे बर्फाचे थर हे असे जमिनीवरचे साठे आहेत. एकट्या ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ७ मीटरने चढेल. तसं होण्यास शतकं लागतील, पण वितळणं सुरू झालं आहे.

१९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक वीतभर वाढली. वेगही वाढतो आहे. १९९३ पासून उपग्रहांनी घेतलेल्या मापांनुसार, सुरुवातीच्या दशकात वर्षाला सुमारे २ मिलिमीटर असलेली वाढ अलीकडच्या दशकात ४ मिलिमीटरच्या पुढे गेली आहे.

वीतभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण किनारा भिंतीसारखा उभा नसतो, तो अंगणासारखा उतरता असतो. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार लागत असेल, तर वीतभर चढलेलं पाणी वीस मीटर आत येतं. वीस मीटर म्हणजे कित्येक ठिकाणी किनाऱ्यावरची सुरूची रांग, मासळी वाळत घालायची जागा किंवा एखादं घर. शिवाय भरती, उधाण आणि वादळाच्या लाटा आता या उंचावलेल्या पायरीवरून उडी घेतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाजण जमिनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखल्या गेल्या. त्या बांधांची उंची जुन्या समुद्राच्या मापाने ठरली होती.

वादळाचा शिधा

इडलीपात्राचं झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर चटका जबर बसतो. वाफ त्वचेवर पडून पुन्हा पाणी होते आणि वाफ होताना तिने जी उष्णता उचललेली असते, ती सगळी त्या क्षणी हातावर सोडते. चक्रीवादळ याच चटक्यावर जगतं.

समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम असलं, की त्यावरून भरपूर वाफ उठते. ती वर जाऊन गार होते, तिचे ढग बनतात आणि सोबत आणलेली उष्णता ती ढगात सोडते. त्या उष्णतेने आजूबाजूची हवा हलकी होऊन आणखी वेगाने वर चढते. खाली हवेचा दाब कमी होतो, चारी बाजूंनी वारे धावत येतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना वळण मिळतं आणि ते येताना आणखी वाफ घेऊन येतात. गरम पाणी हा असा वादळाचा शिधा आहे. वादळ जमिनीवर आलं की शिधा तुटतो आणि ते मरगळतं.

जुना अनुभव असा, की बंगालच्या उपसागरात चार वादळं व्हावीत तेव्हा अरबी समुद्रात एक. उपसागराच्या मानाने अरबी समुद्राचं पाणी गार, त्यात अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा, त्यामुळे वादळांचं पोषण होत नसे. आता हे चित्र बदलतं आहे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या दुसऱ्या कालखंडात ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली.

आकडे बाजूला ठेवले तरी नावं कोकणच्या लक्षात आहेत. २००९ चं फयान, २०१७ चं ओखी. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. भाताचं शेत गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पोफळ लावल्यावर फळ धरायला कितीतरी वर्षं लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर जगणाऱ्या घरांचं त्या दिवशी एका हंगामाचं नव्हे, अर्ध्या पिढीचं उत्पन्न गेलं. वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनारा घासत गुजरातकडे गेलं आणि हापूसच्या बागांना झोडपून गेलं. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आठवड्याहून अधिक काळ समुद्रावरच घोंगावत राहिलं.

इथे खोलीचाही संबंध येतो. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं पाणी वर काढतं. पूर्वी ते पाणी गार असे, म्हणून वादळ स्वतःच स्वतःचा जोर कमी करून घेई. आता गरम थर जाड झाला असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं. म्हणून साधी असलेली काही वादळं एका दिवसात उग्र होतात आणि होड्या परत बोलवायला वेळ कमी उरतो.

वाफेचा दुसरा परिणाम पावसावर होतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं संशोधकांना दिसलं. त्यासाठी लागणारं बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून आलं होतं. एकूण पाऊस मात्र त्या मानाने वाढलेला नाही. पूर्वी महिनाभर झिमझिमणारं पाणी आता दोन-तीन दिवसांत ओतलं जातं आणि मधले दिवस शेतकरी आभाळाकडे बघत बसतो.

न ढवळलेली बादली

आंघोळीच्या बादलीत कढत पाण्यावर विसण घातलं आणि तांब्याने ढवळलं नाही, तर वर चटका आणि तळाशी गारवा असतो. गरम पाणी हलकं म्हणून वर, गार पाणी जड म्हणून खाली. तापलेल्या समुद्राचं असंच होतं आहे. वरचा थर जितका गरम, तितका तो हलका आणि तितकंच त्याला खालच्या पाण्यात मिसळणं अवघड.

मिसळण्याने काय होतं? समुद्रातल्या सगळ्या जगण्याचा पाया म्हणजे वनस्पतिप्लवक, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती. त्यांना ऊन हवं, म्हणून त्या वरच्या थरात राहतात. पण त्यांचं खत असतं खोल पाण्यात, कारण मेलेले जीव आणि विष्ठा तळाकडे जाते. पावसाळी वारे पश्चिम किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला ढकलतात आणि खालचं गार, खताने समृद्ध पाणी वर येतं. शेतात शेणखत पसरावं तसं हे आहे. या खतावर प्लवक वाढतात, प्लवकांवर तारलीसारखे मासे आणि त्यांच्यावर सुरमईसारखे मोठे मासे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटल्या जातात, तेव्हा जाळी भरतात ती या वर आलेल्या खताच्या जोरावर.

गरम थराचं झाकण घट्ट बसलं की हे खत वर येणं कमी होतं. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

मासे पाण्याच्या तापमानाला माणसांपेक्षा फार हळवे असतात. त्यांचं अंगच पाण्याइतकं गरम असतं, त्यामुळे एका अंशाचा फरकही त्यांच्या भुकेत आणि वीण घालण्यात उतरतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींत दोन गोष्टी ठळक आहेत. एकेकाळी जवळजवळ फक्त केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याची मानली जाणारी तारली उत्तरेकडे सरकत गेली. आणि पृष्ठभागाजवळ फिरणारा बांगडा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांत जास्त येऊ लागला, म्हणजे तो खालच्या गार पाण्याकडे गेला. गावं सोडून जाणाऱ्या माणसांसारखे मासेही बिऱ्हाड हलवतात. पण वल्हवायच्या होडीला किंवा रापणीच्या जाळ्याला त्यांच्या मागे खोल समुद्रात जाता येत नाही. ज्याच्याकडे मोठी नौका आणि डिझेलला पैसे आहेत, तोच जातो.

केरळचं उदाहरण बोलकं आहे. २०१२ मध्ये तिथे सुमारे ४ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. पुढे ती काही प्रमाणात सावरली, पण गरिबाच्या ताटातला मासा एका दशकात असा नाहीसा होऊ शकतो, हे त्या किनाऱ्याने पाहिलं.

सोड्याच्या बाटलीतले दोन धडे

समुद्राने उष्णतेसोबत धूरही गिळला आहे. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्रात विरघळतो. याचे परिणाम समजायला सोडावॉटरची बाटली पुरेशी आहे.

पहिला धडा चवीचा. सोड्याने जीभ चुरचुरते, कारण पाण्यात विरघळलेल्या या वायूचं सौम्य आम्ल बनतं. समुद्रातही तेच होतं. पाण्याचा आम्लपणा मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. कारखानदारीपूर्वी समुद्राचा पीएच सुमारे ८.२ होता, आता तो सुमारे ८.१ आहे. समुद्र आंबट झालेला नाही, तो अजून आम्लारीच्याच बाजूला आहे. पण सरकतो आहे आम्लाच्या दिशेने. या पट्टीवरची प्रत्येक पूर्ण पायरी दहापटीची असते. त्यामुळे ०.१ हा फरक दिसायला किरकोळ असला, तरी पाण्यातला आम्लाचा अंश पाव हिश्शाहून जास्त वाढला, असा त्याचा अर्थ होतो.

शिंपल्यावर लिंबू पिळून पाहा, बुडबुडे येतात. आम्ल चुना खातं. तिसऱ्या, कालवं, खुबे, प्रवाळ हे सगळे जीव पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट जुळवून चुन्याचं घर बांधतात. आम्ल वाढलं की ते कार्बोनेट आधीच पटकावतं. घरबांधणीच्या विटा वाटेतच पळवल्या जाव्यात तसं. घर बांधता येतं, पण जास्त कष्टाने, आणि ते पातळ होतं. पिल्लांना हे सर्वांत जड जातं.

दुसरा धडा बुडबुड्यांचा. फ्रिजमधला गार सोडा बराच वेळ फसफसत राहतो. उन्हात ठेवलेला लगेच मरतो. गार पाणी वायू धरून ठेवतं, गरम पाणी सोडून देतं. ऑक्सिजनलाही हाच नियम लागू. तापलेल्या पाण्यात तो कमी मावतो आणि झाकण बसलेल्या समुद्रात तो वरून खाली पोचतही नाही. १९६० पासून जगातल्या समुद्रांमधला ऑक्सिजन सुमारे २ टक्क्यांनी घटला आहे.

अरबी समुद्राची कुडी इथे मुळातच नाजूक आहे. दीडशे-दोनशे मीटरपासून सुमारे हजार मीटर खोलीपर्यंत त्यात ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला प्रचंड पट्टा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. वरच्या भरघोस प्लवकांचे अवशेष खाली पडून कुजतात आणि कुजताना ऑक्सिजन संपवतात. उत्तरेकडे जमीन असल्याने ताजं पाणीही सहज येत नाही. पावसाळ्याच्या शेवटी या पट्ट्यातलं गुदमरलेलं पाणी तळातळाने गोवा-कोकणच्या उथळ भागापर्यंत सरकतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अनेक दशकं याचा माग घेत आहेत. ज्या पाण्याला आधीच दम लागतो, त्यालाच आपण आणखी तापवतो आहोत.

पांढरी पडणारी पोवळी

विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राखाली एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या या बुडालेल्या पठारावर प्रवाळांची वस्ती आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत.

प्रवाळ हा चिमुकला प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं आणि बरंचसं मालकाला देतं. मालक त्याला आसरा देतो. प्रवाळाचा रंगही या भाडेकरूचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाचा कारभार बिघडून त्याच्यातून घातक द्रव्यं पाझरू लागतात. प्रवाळ नाइलाजाने त्याला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतो. निवलं नाही, तर घर ओसाड पडतं.

लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे चार मोठे तडाखे सोसले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली. लक्षद्वीपची बेटं उभी आहेत तीच प्रवाळांच्या चुन्यावर. लाटांना अडवणारी त्यांची भिंतही प्रवाळांचीच. तिथे प्रवाळ जाणं म्हणजे पायाखालची जमीन जाणं.

सगळा दोष हवामानबदलाचा?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. मासळीच्या दुष्काळामागे बेसुमार मासेमारी आहे, बारीक आसाची जाळी आहेत, नद्यांतून येणारं सांडपाणी आहे. एखाद्या विशिष्ट वादळाकडे बोट दाखवून ते फक्त तापलेल्या समुद्रामुळे आलं, असंही म्हणता येत नाही. गवताच्या गंजीला आग लागते तेव्हा ठिणगी कुठूनही पडलेली असू शकते. पण गंजी किती वाळलेली होती, यावर तिची राख किती वेळात होणार ते ठरतं. आपण समुद्राची गंजी वाळवत चाललो आहोत.

यातूनच आपलं काम दिसतं. जवळचं काम किनाऱ्यावरचं आहे. माशांना वाढायला वेळ द्यायचा. खाड्यांमधली कांदळवनं राखायची. त्यांची मुळं लाटेचा जोर मोडतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात आणि चिखलात कार्बन पुरून ठेवतात. वादळाची सूचना तांडेलाच्या हातातल्या फोनवर वेळेत आणि त्याच्या भाषेत पोचवायची. लांबचं काम मात्र एकच आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही: कोळसा आणि तेल जाळणं कमी करत थांबवणं.

चौकट: थोडक्यात

• पाणी खूप उष्णता धरून ठेवतं. हवामानबदलाची नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रात गेली आहे.
• तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळतो, म्हणून पातळी वाढते. १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर.
• गरम समुद्रावरची वाफ चक्रीवादळांना आणि अतिवृष्टीला बळ देते.
• वरचा गरम थर झाकणासारखा बसल्याने खोलवरचं खत वर येत नाही. प्लवक आणि मासे घटतात किंवा स्थलांतर करतात.
• समुद्राने गिळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा आम्लपणा वाढतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

रात्रीचं कोमट पाणी

सुरुवातीच्या कोड्याचा दुसरा भाग अजून उरला आहे. सूर्य मावळून तीन तास झाले तरी समुद्राचं पाणी कोमट का लागतं? कारण जे हळूहळू तापतं, ते हळूहळूच निवतं.

उद्या सगळ्या जगाने धूर सोडणं बंद केलं, तर हवेचं तापमान वाढणं बऱ्याच अंशी थांबेल, असं विज्ञान सांगतं. समुद्र मात्र दिवसभराची उष्णता पोटात घेऊन असेल. त्याच्या खोल थरांत ती झिरपत राहील, पाणी फुगत राहील, पातळी शतकानुशतकं चढत राहील. पण ती किती चढेल आणि किती वेगाने, हे अजून ठरलेलं नाही. ते आपण आणखी किती उष्णता त्याच्याकडे टाकतो, यावर अवलंबून आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची उंची मोजली जाते. आपण जे काही करू किंवा करणार नाही, त्याचा हिशोब तिथल्या नोंदवहीत आपल्या नातवंडांना वाचता येईल. मे महिन्यात गुहागरला तीही वाळूवरून धावत पाण्यात शिरतील. तेव्हा ते पाणी त्यांच्या पायांना गार लागावं, एवढंच आपल्या हातात आहे आणि ते थोडं नाही.